गार पाणी व अंगची ऊब

माघातल्या पहाटे गार पाण्याने स्नान करावे की ऊन पाण्याने, हा वाद कधीच झाला नाही असे एकत्र कुटुंब विरळा. वडील मंडळींचे म्हणणे असे की, गार पाण्याने अंग कणखर होते व ऊन पाण्याच्या सवयीने पोरे नाजूक बनतात. मुलांच्या आया म्हणतात, कणखरपणाचे पुढे पाहू; आज पोर कुडकुडत आहे त्याची वाट काय? अलीकडे या वादात तिसरा पक्ष शिरला आहे. थंड देशांतील हौशी लोक बर्फाळ पाण्यात पोहतात त्याची चित्रे घरातील तरुण मुले पाहतात, आणि आपणही तसेच काही करून दाखवावे अशी उमेद त्यांच्या मनात उठते. या तिन्ही पक्षांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु प्रत्येकाने सत्याचा एकच तुकडा हाती धरला असल्यामुळे वाद मात्र मिटत नाही. पाणी केव्हा किती गार असते व ते आपल्या शरीरापासून काय हिरावून नेते, हे एकदा नीट समजून घेतले, तर या तुकड्यांची जोड लागते. तेवढेच करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पाण्याचा स्वभाव पाहू. त्याकरिता ठाणे जिल्ह्यातील खर्डी हे गाव उदाहरणादाखल घेणे सोयीचे आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर, शहापूर तालुक्यात, थळ घाटाच्या अलीकडे हे गाव वसलेले आहे. विहीर, ओढा, जलाशय व पुढे समुद्र, असे पाण्याचे चारही प्रकार या एका मुलखाच्या उताराने जोडलेले आहेत. याच तालुक्यातील तानसा नदीवरचे धरण १८९२ साली पुरे झाले. शेजारच्या वैतरणेवरील मोडकसागर १९५७ साली झाला. मुंबईची तहान भागविणारे हे साठे ज्या भागात आहेत तेथील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट निराळी. पण येथील माणसास पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. तानसा पुढे वैतरणेस मिळते, आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्रात शिरते.

खोल विहिरीचे पाणी बारमाही जवळजवळ एकाच उष्णतेचे असते. जमिनीच्या पोटात काही पुरुष खाली उन्हाळा-हिवाळा पोहोचत नाही. तेथे वर्षभराच्या हवेची सरासरी तेवढी नांदते. कोकणपट्टीच्या या भागात ती सुमारे २६-२७ अंश सेल्सिअस धरावयास हरकत नाही. म्हणून वैशाखात तेच पाणी गार लागते, आणि पौषातल्या पहाटे, हवा पंधरा अंशांच्या आसपास उतरलेली असता, पोहऱ्यातून वाफ निघताना दिसते. पाणी बदललेले नसते. बदललेली असते ती हवा. ओढ्याचे तसे नाही. त्याचे उथळ पाणी रात्रीच्या उघड्या आकाशाखाली हवेबरोबर निवत जाते, आणि सूर्योदयाच्या सुमारास ते सर्वांत गार असते. जलाशयाची तऱ्हा तिसरीच. उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो व वरच राहतो. खालचे जड, थंड पाणी खालीच दडून राहते. पृष्ठभागावर सुखावह वाटणाऱ्या पाण्यात सूर मारणारा मनुष्य काही हात खाली जाताच एकाएकी गार थरात सापडतो. ही धरणे पिण्याच्या पाण्याची आहेत, त्यात पोहण्यास उतरणे मुळीच योग्य नाही. पण जुन्या खोल खाणींत व डोहांतही हाच प्रकार घडतो, म्हणून तो ठाऊक असलेला बरा.

समुद्राचा हिशेब याहून मौजेचा आहे. आपल्याकडे ऋतू तीन असले तरी अरबी समुद्र वर्षातून दोनदा तापतो व दोनदा निवतो. मुंबईपासून डहाणूपर्यंतच्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर वैशाख-ज्येष्ठात पाणी २९-३० अंशांपर्यंत चढते. मग पावसाळा येतो; ढग ऊन अडवितात, वारा पाणी घुसळून खालचे गार पाणी वर आणतो, व ते दोन-तीन अंशांनी उतरते. अरबी समुद्राच्या पलीकडच्या अंगास, आफ्रिकेतील सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, हेच घुसळणे इतके जोराचे असते की, ऐन आषाढ-श्रावणात तेथील पाणी २० अंशांच्याही खाली जाते. पाऊस सरल्यावर आश्विनाच्या उन्हाने आपला समुद्र पुन्हा तापतो. त्यानंतर उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात, पाण्याची वाफ करून त्याची उष्णता नेतात, आणि पौष-माघात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तो २४-२५ अंशांवर येतो. दक्षिणेकडील मालवणपेक्षा उत्तरेकडील डहाणूचे पाणी या दिवसांत अधिक गार असते, कारण हे वारे उत्तरेस अधिक कोरडे व थंड असतात.

चोवीस अंश म्हणजे काही थंडी नव्हे, असे कोणी म्हणेल. हवा चोवीस अंशांची असेल तर ते खरे आहे. पण पाणी हवेच्या मानाने सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. स्वस्थ बसलेल्या उघड्या माणसाची ऊब ज्यात घटतही नाही व वाढतही नाही असे पाणी ३३ ते ३५ अंशांचे असावे लागते. त्याखालचे कोणतेही पाणी, मग ते अंगास कितीही गोड लागो, शरीराच्या ठेवीतून काहीतरी काढीतच असते. खर्डीच्या विहिरीचे काय, अर्नाळ्याच्या समुद्राचे काय, फरक इतकाच की कोणी सावकाश काढतो व कोणी झपाट्याने.

ही ठेव किती असते, याचा साधा हिशेब मांडता येतो. निरोगी माणसाच्या शरीराचे अंतस्थ उष्णमान ३७ अंश. ते ३५ च्या खाली गेले की वैद्यकशास्त्र त्यास धोक्याची अवस्था मानते. म्हणजे आपल्या हाती खर्चास दोनच अंश आहेत. साठ किलो वजनाच्या प्रौढ माणसास दोन अंश निवण्याकरिता सुमारे १०० किलोकॅलरी उष्णता गमवावी लागते. वीस किलोच्या मुलास त्याच दोन अंशांकरिता ३३ किलोकॅलरी पुरतात. आता ही उष्णता बाहेर जाते ती कातडीवाटे. मुलाचे वजन प्रौढाच्या तिसऱ्या हिश्शाचे, पण त्याच्या कातडीचे क्षेत्र मात्र प्रौढाच्या जवळजवळ निम्मे असते. ठेव तिसरा हिस्सा आणि खर्चाचा दरवाजा निम्मा! एकाच विहिरीत, एकाच वेळी उतरलेल्या काका-पुतण्यांपैकी पुतण्याचे ओठ आधी निळे का पडतात, याचे उत्तर या त्रैराशिकात आहे. त्यात पुतण्याचा भित्रेपणा नाही व काकांचा पराक्रमही नाही. पोहताना स्नायू ऊब निर्माण करतात खरे; पण दमून हात थांबले की मिळकत बंद पडते व खर्च चालूच राहतो.

पाणी खरोखर थंड, म्हणजे पंधरा अंशांच्या खालचे असेल, तर शरीरावर त्याचा आघात तीन टप्प्यांनी होतो. पहिला टप्पा पाण्यात पडताक्षणीचा. कातडीस एकदम गारठा लागला की मनुष्य आपोआप मोठा श्वास ओढतो व मग त्यास धाप लागते. हृदय जोरात चालू लागते व रक्तदाब चढतो. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला, तर चांगला पोहणाराही बुडतो. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. दुसरा टप्पा सुमारे दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचा. यात हातपाय गारठून जड होतात, बोटे मिटत नाहीत, आणि डोके जागेवर असूनही अंग ऐकत नाही. शरीराच्या गाभ्याची ऊब घटणे हा तिसरा टप्पा. तो बहुधा अर्ध्या तासानंतर येतो. "गारठून मेला" असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. पहिल्याने किंवा दुसऱ्यानेच त्याचा घात केलेला असतो.

आता वडील मंडळींच्या पक्षाकडे वळू. सरावाने गार पाणी सोसते, हे त्यांचे म्हणणे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. गार पाण्यात दोन-तीन मिनिटे उतरणे असे पाच-सहा वेळा केले की पहिल्या टप्प्यातील धाप व हृदयाची धडधड पुष्कळ कमी होते, आणि हा गुण कित्येक महिने टिकतो. हुडहुडीही उशिरा भरू लागते. परंतु नेमक्या याच ठिकाणी एक मोठी मेख आहे. सरावाने थंडी कमी वाटते. थंडी कमी होत नाही. पाणी तितकेच गार असते, अंगची ठेव तितकीच असते, आणि ती तशीच झिजत असते. फक्त धोक्याची घंटा हळू वाजू लागते. म्हणून सरावलेला मनुष्य अधिक सुरक्षित होतो तो पहिल्या तीन मिनिटांपुरता. त्यापुढे तो एका परीने नवख्याहून अधिक जोखमीत असतो, कारण बाहेर पडावे असे त्यास वाटतच नाही.

सराव व सावधगिरी यांची सांगड कशी घालावी, हे इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्यांपासून शिकण्यासारखे आहे. डोव्हर ते फ्रान्सचा किनारा हे सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर. मॅथ्यू वेब याने ते १८७५ च्या ऑगस्टमध्ये २१ तास ४५ मिनिटांत प्रथम पार केले. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही ते पार करणारी पहिली स्त्री ठरली. भारतातून १९५८ साली मिहिर सेन व १९५९ साली आरती साहा यांनी हा मान मिळविला. महाराष्ट्रानेही या यादीत आपली नावे घातली आहेत. ऐकू न येणारे व दृष्टी अधू असलेले मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी १९८० नंतरच्या दशकात ही खाडी एकदा नव्हे, अनेकदा पार केली. १९८८ साली राजाराम घाग यांनी अपंगत्वावर मात करून ती पार केली. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ओलांडून जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या व ते असे करणारे पहिले आशियाई ठरले. २०२३ साली नवी मुंबईच्या प्रभात कोळी यांनीही हे सप्तक पुरे केले. या सातांपैकी आयर्लंड व स्कॉटलंड यांमधील उत्तर खाडीचे पाणी ऐन उन्हाळ्यातही १० ते १४ अंशांचेच असते.

आमच्याकडे धरमतरपासून मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियापर्यंत पोहून येण्याचा जुना परिपाठ आहे. ते अंतर सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे इंग्लिश खाडीहून कमी नाही. तेव्हा हात मारण्याची ताकद आमच्या पोहणाऱ्यांपाशी घरचीच असते. घरी मिळत नाही ती थंडी. आमच्या समुद्राचा माघातला नीचांक २४ अंश, तर इंग्लिश खाडीचा वर्षातला उच्चांक, ऑगस्ट-सप्टेंबरातला, १७-१८ अंश! आमचा हिवाळा त्यांच्या उन्हाळ्याहून सहा अंशांनी उबदार. म्हणून पोहणाऱ्यास कित्येक आठवडे आधी तिकडच्या पाण्यात रोज उतरून अंगास वळण लावावे लागते. तेथील संस्थांचा नियमच असा आहे की, १६ अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखविल्यावाचून कोणास खाडीत सोडावयाचे नाही. अंगास ऊब देणारा पोशाख चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी व चष्मा एवढेच. अंगास चरबी फासतात ती थंडी अडविण्यास, असा पुष्कळांचा समज असतो; वस्तुतः तिचा मुख्य उपयोग मानेस व काखेस कातडी घासून सोलटू नये एवढाच आहे.

परंतु सर्वांत मननीय नियम निराळाच आहे. पोहणाऱ्याबरोबर नाव असते, तीत निरीक्षक असतो, आणि पोहणाऱ्याचे हात मंदावले, बोलणे बरळल्यासारखे झाले, की त्यास बाहेर काढण्याचा अधिकार नावेवरील माणसांस असतो. "मी ठीक आहे" हे पोहणाऱ्याचे शब्द अशा वेळी प्रमाण मानीत नाहीत. कारण गाभ्याची ऊब घटली की पहिली घसरते ती विचारशक्ती. ज्यास निर्णय घ्यावयाचा तोच निर्णयास नालायक झालेला असतो. जगातील कसलेल्या पोहणाऱ्यांनीही आपला निर्णय दुसऱ्याच्या हाती सोपविला, यात त्यांचा कमीपणा नसून शहाणपण आहे. वयाचीही तशीच गोष्ट. १९८८ साली टॉमस ग्रेगरी या बारा वर्षांच्याही आतील इंग्रज मुलाने ही खाडी पार केली, व १९९४ साली मुंबईच्या रूपाली रेपाळे हिने बाराव्या वर्षी पार केली. त्या मुलांच्या जिद्दीस प्रणाम करावा तेवढा थोडा. परंतु पुढे संस्थांनी सोळा वर्षांची अट घातली, आणि वर मांडलेले त्रैराशिक पाहता ती योग्यच म्हटली पाहिजे. आपल्या मुलाचे नाव विक्रमात लागावे म्हणून कोवळ्या वयात त्यास तासन् तास समुद्रात ठेवू पाहणाऱ्या पालकांनी या अटीचा अर्थ अवश्य ध्यानी घ्यावा.

हे सर्व परदेशी शास्त्र झाले. पण त्यातला सरावाचा क्रम आपल्या पंचांगात पूर्वीपासून आहे, हे पाहून नवल वाटते. कार्तिकस्नानास आरंभ होतो तो कोजागिरीच्या सुमारास. त्या वेळी आश्विनाच्या उन्हाने नदी, तळे, समुद्र सारेच तापलेले असतात. तेथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर रोज पहाटे मनुष्य पाण्यात उतरतो, आणि पाणी दिवसेंदिवस थोडेथोडे निवत जाते. अंग त्याच्या बरोबरीने वळण घेते. पुढे पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत माघस्नान येते, ते वर्षातल्या सर्वांत गार पाण्याचे. पाणी उबदार असताना आरंभ करा आणि ऋतू उतरेल तसे चालू ठेवा, एकदम हिवाळ्यात उडी घेऊ नका, हाच उपदेश आज थंड पाण्यात पोहणाऱ्या नवशिक्यांस करतात. आपल्या पूर्वजांस शरीरशास्त्राचे हे प्रयोग ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. त्यांचा हेतू धर्माचा होता. तथापि अनुभवाने बसलेली घडी बहुधा सोयीची असते. आणि त्याच धर्मशास्त्राने रोग्यास व अशक्तास मंत्रस्नान, भस्मस्नान असे गौण प्रकार सांगून गार पाण्यातून मोकळे केले आहे, हे मात्र आग्रही मंडळी विसरतात. व्रताचा अर्धा भाग पाळून सवलतीचा अर्धा गाळणे म्हणजे शास्त्र पाळणे नव्हे.

तेव्हा गृहस्थाश्रमी कुटुंबाने व्यवहारात काय धरावे? ज्यांस हृदयविकार अथवा रक्तदाबाची व्यथा आहे अशा वडीलधाऱ्यांनी केवळ जुनी सवय आहे म्हणून पहाटेचा गार घडा एकदम डोक्यावर ओतून घेऊ नये. वैद्यास विचारावे, आणि हट्टच असेल तर आधी हातपाय, मग खांदे असे क्रमाने भिजवावे. गार पाण्यात उडी वा सूर मारून कधीही शिरू नये. पायरीपायरीने उतरावे, श्वास स्थिर होईपर्यंत थांबावे, मगच हात मारावेत. एकट्याने तर मुळीच उतरू नये. सुटीत मुले विहिरीवर पोहणीस लागली की कमरेस भोपळा बांधण्याइतकेच महत्त्व काठावर बसणाऱ्या मोठ्या माणसास द्यावे. ओठ निळे पडले, दात वाजू लागले, किंवा बडबड्या मुलगा गप्प झाला, की खेळ तेथेच संपला. "अजून एकच उडी" ही विनवणी ऐकू नये.

पाण्याबाहेर आल्यावरचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ओल्या पंचात अथवा लुगड्यात पावशेर पाणी सहज राहते. त्यातील नुसते शंभर ग्रॅम वाळले तरी ५८ किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यातला काही भाग हवा पुरविते, काही आपले अंग. माघातल्या वाऱ्यात ओलेत्याने प्रदक्षिणा घालणाऱ्यास विहिरीच्या पाण्यापेक्षा विहिरीचा काठच अधिक गार का वाटतो, ते यावरून समजेल. शिवाय बाहेर आल्यावर हातापायांतले थंड रक्त गाभ्याकडे परतते, त्यामुळे पुढची दहा-वीस मिनिटे शरीर आणखी निवत राहते. म्हणून लगेच अंग टिपून कोरडे वस्त्र नेसावे, डोके झाकावे, काहीतरी ऊन व गोड प्यावे. पार गारठलेल्या माणसावर एकदम कढत पाणी ओतू नये, त्याचे हातपाय जोराने चोळू नयेत. कोरड्या पांघरुणात गुंडाळून त्यास आडवे करावे व सावकाश ऊब येऊ द्यावी.

आता आरंभीच्या वादाचा निकाल लावता येईल. सरावाने गार पाणी सोसते, हा वडिलांचा मुद्दा खरा. मुलाची ऊब मोठ्यांच्या मापाने मोजू नये, हा आयांचा मुद्दा तितकाच खरा. आणि तरुणांची उमेद मोडण्याचेही कारण नाही. मोरे-कोळी यांनी ती कोठवर नेता येते हे दाखविले आहे. अट इतकीच की, पाण्यातल्याने धीर धरावा आणि काठावरच्याने हिशेब ठेवावा. ज्या घरात ही दोन्ही कामे करणारी माणसे आहेत, त्या घराने गार पाण्यास भिण्याचे कारण नाही. आणि एकत्र कुटुंबात काठावर बसावयास माणसांचा तोटा नसतो.